जाळी कशाची बनते?

दोस्तांनो, मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. बाहेर धो धो पाऊस, मैदानात घोटाभर पाणी. खेळाचा तास वर्गातच घ्यावा लागला. मी फळ्यावर एकच शब्द लिहिला, 'जाळी', आणि विचारलं, "सांगा बरं, ही कुठे कुठे असते?"

झालं! चौथीचा वर्ग नुसता दणाणून गेला.

"खिडकीला!" "चहाच्या गाळणीला!" "मोरीच्या तोंडाशी!" "टेबलफॅनला, बाई!" "करवंदांची जाळी!" "अनारशाला पडते ती!" एकाने तर वहीत जपून ठेवलेलं पिंपळाचं जाळीदार पानच काढून दाखवलं. फळा भरून गेला.

मागच्या बाकावरून एकजण ओरडला, "चुलीतला जाळ!" सगळे खो खो हसले. पण त्याचं अगदीच चुकलं नव्हतं हं. शब्द दिसायला सारखे, मात्र त्यांची घराणी वेगळी. 'जाळी' आणि 'जाळं' आले संस्कृतातल्या 'जाल' या शब्दावरून, आणि चुलीतला 'जाळ' आला 'ज्वाला'वरून. इंटरनेटला आपण 'आंतरजाल' म्हणतो, ते पहिल्या घराण्यातलं. आणखी एक गंमत पाहा. 'कोळी' म्हणजे समुद्रात जाळं टाकणारा आणि 'कोळी' म्हणजे भिंतीच्या कोपऱ्यात जाळं विणणाराही!

मग मी विचारलं, "जाळी कशाची बनते?"

"तारेची!" "दोऱ्याची!" "प्लॅस्टिकची!" उत्तरं येत होती. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी हळूच म्हणाली, "भोकांची."

वर्ग हसला. खरं सांगू? मीही हसले. ती खाली मान घालून बसली.

घरी गेल्यावर मात्र ते उत्तर डोक्यातून जाईना. रात्री मच्छरदाणीत पडल्या पडल्या वर पाहत होते. तिच्या जागी चादर बांधली तर डास येणार नाहीत, पण वाराही येणार नाही. मोठ्या भोकांचं जाळं बांधलं तर वारा येईल, पण डास वाऱ्याच्याही आधी हजर! चांगल्या मच्छरदाणीत एका चौरस इंचात साधारण १५६ भोकं असतात. वाऱ्याने यावं आणि डासाने बाहेरच गुणगुणावं, हे दोऱ्याने नाही, त्या भोकाच्या मापाने ठरवलेलं असतं.

मग एकेक जाळी आठवू लागले. करवंदांच्या जाळीत ससा सुळकन शिरतो आणि कुत्रा बाहेरच भुंकत राहतो. अनारसा तुपात सोडला की आतल्या पाण्याची वाफ वाट काढत बाहेर पडते, त्या वाटा म्हणजेच त्याची जाळी. भोकं पडली नाहीत तर आजी म्हणते, "बिघडला गं घाणा!" म्हणजे ती मुलगी बरोबर होती आणि बाई चुकल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी मेणबत्ती आणि स्टीलची बारीक गाळणी घेऊनच वर्गात गेले. ज्योतीवर गाळणी अलगद आडवी धरली. काय झालं असेल? धूर जाळीतून वर गेला, पण ज्योत जाळीखालीच थांबली! (हा प्रयोग मोठी माणसं जवळ असतानाच करा, आणि गाळणी लाकडी मुठीची घ्या.) तारा ज्योतीची उष्णता चटकन ओढून घेतात, त्यामुळे वर गेलेला वायू पेट घेण्याइतका तापतच नाही. जाळीने जाळाला अडवलं की नाही!

या साध्या गोष्टीवर कितीतरी जीव अवलंबून होते. इंग्लंडमध्ये कोळशाच्या खोल खाणींत मिथेन वायू साचत असे. दोनशे वर्षांपूर्वी खाणकामगार उघड्या ज्योतीचे दिवे घेऊन खाली उतरत. १८१२ साली फेलिंग नावाच्या खाणीत स्फोट झाला आणि ९२ जण मेले. त्यांत तुमच्याएवढी मुलंही होती, कारण तेव्हा मुलंसुद्धा खाणीत कामाला असत. १८१५ साली हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने दिव्याच्या ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवली. प्रकाश बाहेर येई, हवा आत जाई, पण ज्योत बाहेर पडत नसे. डेव्हीने या दिव्याचं पेटंटही घेतलं नाही. मात्र जाळी गंजली किंवा तिला एखादं मोठं भोक पडलं, की तोच दिवा धोक्याचा होई. एक भोक चुकलं की सगळी जाळी फुकट!

प्रयोग संपल्यावर मी त्या मुलीला उभं केलं आणि सगळ्या वर्गासमोर म्हटलं, "काल मी हसले, ते माझं चुकलं. तुझं उत्तर बरोबर होतं. तुला कसं गं सुचलं?"

ती म्हणाली, "आमचे आजोबा जाळं घेताना दोरा नंतर बघतात, आधी आस बघतात."

आमची शाळा समुद्राकाठची. मासेमारीच्या जाळ्यातल्या एका भोकाला 'आस' म्हणतात. आस मोठा असला की लहान मासे निसटून जातात, वाढतात, अंडी घालतात. आस बारीक असला की पिल्लंही अडकतात. आज टोपली भरते, पण पुढच्या वर्षी टोपलीत यायला मासा उरतो कुठे? पापलेटचंच पाहा. २०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केलं. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पापलेटसाठी ती आहे १३५ मिलिमीटर, म्हणजे तुमच्या कंपासपेटीतल्या छोट्या पट्टीपेक्षा जराशी कमी.

"आजोबा म्हणतात, बारीक जाळ्यात पोरंबाळं मरतात," ती पुढे म्हणाली. "पण शेजारच्याने बारीक जाळं लावलं की आपलीच टोपली रिकामी राहते. मग बाबा आणि आजोबांचं भांडण होतं."

या वेळी वर्गात कुणी हसलं नाही. माझ्याकडेही त्या भांडणावर सोपं उत्तर नव्हतं. एकट्याने मोठा आस ठेवून भागत नाही, सगळ्या गावाने ठेवावा लागतो, एवढंच मी म्हटलं. आणि फळ्यावर 'जाळी'च्या खाली आणखी एक शब्द लिहिला, 'आस'. आपल्या मराठीत त्याचा अर्थ आशा असाही आहे.

आता तुमच्यासाठी एक काम. आज घरात फिरा आणि जाळ्या मोजा. प्रत्येक जाळीपाशी दोनच प्रश्न विचारायचे: ही कुणाला अडवते आणि कुणाला जाऊ देते? आणि बाजारात आईबाबांबरोबर मासळी घ्यायला गेलात, तर खिशात ती छोटी पट्टी न्यायला विसरू नका!