भडोचची अळी, माटुंग्याचा धागा

माटुंग्यात आडेनवाला रोडवर सिरकॉट, म्हणजे केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. १९२४ पासून इथे कापसाच्या धाग्याची लांबी, ताकद, तलमपणा मोजतात. परळ-लालबागच्या गिरण्या गेल्या, मोजणं चालू राहिलं. त्या फाटकावरून ये-जा करता करता मला धाग्यापेक्षा सरकी पोखरणाऱ्या अळीचंच वेड लागलं. ही गुलाबी बोंडअळी बीटी कापसाला कशी पुरून उरली आणि २०१७ साली विदर्भाची काय दैना झाली, हे पुन्हा उगाळत नाही. तिची जुनी कागदपत्रं जास्त रंजक आहेत.

पहिला कागद भडोचचा. तिथल्या सरकारी कापूसमळ्यांचे अधीक्षक डॉ. बार्न यांनी पाठवलेल्या नमुन्यांवरून लंडनच्या सॉन्डर्स यांनी १८४३ मध्ये या पतंगाचं वर्णन छापलं. सॉन्डर्स पेशाने विम्याच्या धंद्यातले, कीटक हा छंद. बार्न यांची तक्रार अशी, की मळ्यात मुद्दाम आणून पेरलेल्या अमेरिकी कापसाची ही अळी फार नासाडी करते. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती हिंदुस्थानी कापसातून इजिप्तला गेली, इजिप्तच्या सरकीतून १९११ च्या सुमारास मेक्सिकोत आणि १९१७ मध्ये टेक्ससात. परक्या किडींच्या नावाने बोटं मोडताना ही निर्यात आपण सोयीस्करपणे विसरतो.

अमेरिकेने मात्र तिचा पिच्छा पुरवला, आणि त्यातून एक झकास भांडण उभं राहिलं. मादी ज्या गंधाने नराला बोलावते तो गंध कोणता? १९६६ मध्ये जोन्स, जेकबसन आणि मार्टिन यांनी 'सायन्स'मध्ये जाहीर केलं, की रेणू सापडला, नाव प्रोपिल्यूर. पुढच्याच वर्षी जर्मनीत आयटर आणि सहकाऱ्यांनी तो प्रयोगशाळेत बनवला. नर ढिम्म हलेनात! त्यावर १९६८ मध्ये जोन्स-जेकबसन यांनी आणखी एक शोध मांडला: माद्यांमध्ये डीटही सापडलं, आणि प्रोपिल्यूरचा प्रभाव पडायला त्याची जोड लागते. डीट म्हणजे डास पळवायच्या मलमातलं रसायन. चुकीच्या उत्तराला ठिगळ लावण्याचा याहून देखणा नमुना माझ्या वाचनात नाही. गंमत म्हणजे याच जेकबसन यांच्या चमूने नंतर नुसती रसायनं चाचपून पाहता पाहता हेक्सल्यूर शोधलं, आणि ते थोडंफार चाललंही.

खरं उत्तर १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या हुमेल, गॅस्टन, शोरी आदींनी दिलं. सोळा कार्बनांची साखळी, तिची दोन रूपं, साधारण निम्मी-निम्मी. फरक एवढाच, की साखळीतल्या एका दुहेरी बंधाचा कल एका रूपात इकडे, दुसऱ्यात तिकडे. एकट्या रूपाला नर फारसा भुलत नाही. हे गॉसिप्ल्यूर.

आज वर्धा-यवतमाळच्या पऱ्हाटीत दिसतो तो कामगंध सापळा याच मिश्रणावर चालतो. प्लास्टिकचं नरसाळं, खाली पिशवी, झाकणाखाली रबराची ल्यूर. शिफारस एकरी दोन सापळ्यांची. सलग तीन रात्री सापळ्यामागे दर रात्री आठ पतंग आले, तर उपाय करायची वेळ झाली असं धरतात. "सापळे लावले तरी अळी आलीच की," ही तक्रार नेहमीची. येणारच. पिशवीत पडतात ते फक्त नर. अंडी घालणारी मादी मोकळीच असते. आणि अळी एकदा बोंडात शिरली की बाहेरून पत्ता लागत नाही, म्हणून डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुलं, दिसायच्या आधी पतंग मोजायचे. एकरी दोन सापळे मोजण्यासाठीच असतात. ते विकताना ही गोष्ट कुणी धड सांगत नाही, हा माझा राग आहे.

दुसरा राग जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांचा. अळी दोन सरक्या रेशमाने एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत महिनोन्महिने सुप्त पडून राहते. जिनिंगच्या आवारात सरकीचे ढीग पडलेले असतील, तर पुढच्या हंगामाचे पतंग तिथूनच उठतात. तिथेही सापळे लावावेत अशी शिफारस आहेच. तरी बोट दाखवलं जातं ते फरदड घेणाऱ्या, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी शेतात राखणाऱ्या शेतकऱ्याकडे. फरदड वाईटच, पण जिनिंगच्या सापळ्यात रोज किती पतंग पडले, हा आकडा पेरणीच्या दिवसांत आसपासच्या गावांच्या ग्रामपंचायतींच्या फळ्यावर लागायला हवा, आणि तो खर्च जिनिंगवाल्याने करायला हवा.