मज्जातंतूंचे वेष्टन आणि शाकाहारी ताट

1870 साली जलंब ते खामगाव हा लोहमार्ग सुरू झाला, तो मुख्यतः कापसासाठी. अंतर फार नाही. तरीही वऱ्हाडातील त्या मोठ्या बाजारपेठेचा माल मुख्य मार्गावर पोहोचावयास बैलगाडीचा जो वेळ जात असे, तो वाचला. मालाइतकीच वाटही मोलाची असते, हे बुलढाणा जिल्ह्यातील व्यापारी घराण्यांना सांगावयास नको.

आपल्या शरीरातही अशी वाहतूक अहोरात्र चालू असते. पायाखालची जमीन सपाट आहे की उंचसखल, ही वार्ता तळव्यापासून मेरुरज्जूतून मेंदूपर्यंत जाते, तेव्हाच आपण तोल सांभाळून चालतो. ज्या मज्जातंतूला वेष्टन नाही, त्यातून संदेश सेकंदाला साधारण एक मीटर सरकतो. वेष्टन असलेल्या जाड तंतूतून तोच वेग शंभर मीटरपर्यंत जातो. या वेष्टनास ‘मायलिन’ म्हणतात.

हे वेष्टन तंतू स्वतः तयार करीत नाही. शेजारी राहणाऱ्या ‘ग्लिया’ नावाच्या सहायक पेशी ते घडवितात. हातापायांच्या नसांमध्ये हे काम श्वान पेशींकडे असते. एक पेशी एकाच तंतूचा सुमारे एक मिलिमीटरपर्यंतचा तुकडा गुंडाळते. मेंदू व मेरुरज्जूत मात्र ऑलिगोडेंड्रोसाइट ही पेशी आपले अनेक बाहू चहूकडे पसरते. एखाद्या बाहूला योग्य तंतू सापडला, की त्याचे टोक पातळ पापुद्र्यासारखे पसरून तंतूभोवती फिरू लागते. अशा रीतीने एकच पेशी कित्येक तंतूंची जबाबदारी घेते.

पागोटे बांधताना नवा वेढा वरून येतो; येथे नेमके उलट घडते. वाढणारी कड तंतूला लगटून, आधीच्या थरांच्या खालून पुढे सरकते. म्हणून सर्वांत नवा थर सर्वांत आत असतो. मग थरांमधील द्रव जवळजवळ सर्व निघून जातो आणि घट्ट, स्निग्ध आवरण उरते. मायलिनच्या कोरड्या वजनाचा बहुतांश भाग स्निग्ध द्रव्यांचाच असतो. दोन वेष्टनांमध्ये अल्पशी उघडी जागा राहते आणि संदेश एका जागेवरून दुसरीवर जणू उड्या मारीत जातो. वेगाचे रहस्य हेच.

हे काम गर्भावस्थेतच सुरू होते, जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत ते जोमाने चालते आणि मेंदूच्या पुढील भागात विशी ओलांडल्यावरही चालू असते. ते नीट व्हावे आणि झालेले टिकावे, यासाठी ब-12 हे जीवनसत्त्व अत्यावश्यक आहे. ब-12 निसर्गात केवळ सूक्ष्म जीवाणू निर्माण करतात. डाळी, धान्ये व पालेभाज्या यांत ते भरवशाने मिळत नाही. शाकाहारी घरात त्याचा आधार म्हणजे दूध आणि दुधाचे पदार्थ.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्यम वयाचे 441 निरोगी पुरुष होते. त्यांपैकी 67 टक्के पुरुषांच्या रक्तात ब-12 कमी आढळले. शहरी मध्यमवर्गीयांत हे प्रमाण 81 टक्के होते. अर्थात, खाऊनपिऊन सुखी असणे म्हणजे ब-12 पुरेसे असणे नव्हे. पुण्याजवळील गावांतील मातांच्या अभ्यासात असेही दिसले, की गरोदरपणी ज्यांचे ब-12 फार कमी होते, त्यांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष एकाग्र करणे व अल्पकालीन स्मरण यांच्या काही चाचण्यांत मागे पडली.

यकृतात ब-12 चा साठा काही वर्षे पुरतो, म्हणून कमतरता गुपचूप वाढते. तळपायांना मुंग्या येणे, बधिरपणा, अंधारात तोल जाणे, विसरभोळेपणा ही लक्षणे ‘आता वय झाले’ म्हणून सोडून दिली जातात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठी दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. अंगावर पिणारे बाळ निस्तेज होऊ लागले, शिकलेले हसणे-बसणे विसरू लागले, हात थरथरू लागले, तर एक दिवसही न दवडता बालरोगतज्ज्ञांकडे जावे. वेळेवर उपचार झाल्यास बरेचसे भरून येते. फार उशीर झाल्यास नसांची हानी कायमची राहू शकते. केवळ फॉलिक आम्लाच्या गोळ्यांनी रक्तक्षय सुधारतो, पण नसांचे नुकसान आतल्या आत चालूच राहते, हेही ध्यानात ठेवावे.

यासाठी अहिंसेचे व्रत सोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. प्रौढ व्यक्तीची रोजची गरज सुमारे दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे अत्यल्प आहे. मात्र दिवसभरात चहापुरतेच दूध घेतल्याने ती भागत नाही. दूध, दही, ताक, पनीर यांना ताटात रोज स्थान हवे. आयंबिलच्या नऊ दिवसांच्या ओळीने साठा संपत नाही. परंतु जे महिनोन्‌महिने आयंबिल करतात, किंवा करुणेपोटी ज्यांनी दूधही त्यागले आहे, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक ब-12 घेतलेच पाहिजे. आज औषधी ब-12 जीवाणूंच्या किण्वनातून तयार होते, प्राण्यांच्या अवयवांतून नव्हे. कॅप्सूलचे कवच मात्र पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. म्हणून साधी गोळी किंवा वनस्पतिजन्य कवचाची कॅप्सूल मागून घ्यावी.

घरातील ज्येष्ठांची आणि आई होऊ पाहणाऱ्या सूनबाईंची ब-12 तपासणी एकदा अवश्य करून घ्यावी. दिवाळीला वर्षाचा ताळेबंद आपण पाहतोच. त्याच सुमारास ही एक नोंदही पाहिली, तर म्हातारपणीची चाल आणि बाळाची पहिली पावले दोन्ही सुरक्षित राहतील.