दोनशे मीटरांच्या डेकवरची जेट विमाने

भोकरदनपासून समुद्र तीनशे किलोमीटरहून लांब. तरीही हे गाव कधीकाळी समुद्राशी जोडलेले होते. पॉम्पेईत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी मिळतीजुळती मूर्ती इथल्या, म्हणजे प्राचीन भोगवर्धनच्या, उत्खननात मिळाली आहे. आज मात्र आमच्या तालुक्यातल्या मुलांना नौदल भेटते ते २६ जानेवारीच्या संचलनात, टीव्हीवर. नौदलाच्या लढाऊ जेट विमानांचे घर शेजारच्या गोव्यात, दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

जहाजाच्या डेकवर जेट उतरवण्याची ही कथा जुनी आहे. ३ डिसेंबर १९४५ रोजी ब्रिटिश वैमानिक एरिक ब्राउन यांनी एचएमएस ओशन या विमानवाहू नौकेवर जेट विमान उतरवून दाखवले. पण एकदा उतरणे वेगळे आणि रोज उतरणे वेगळे. जेट वेगाने येते आणि त्याचे इंजिन जोर धरायला वेळ घेते. सरळ डेकवर विमान अडवणारी आडवी तार हुकली, तर पुढे उभ्या विमानांवर आदळण्याची भीती. यावर ब्रिटिशांनी तीन तोडगे काढले. उतरण्याची पट्टी तिरपी केली, विमान फेकण्यासाठी वाफेचे कॅटपल्ट बसवले आणि उतरणीचा कोन दाखवणारा आरसा लावला. तिरप्या पट्टीमुळे वैमानिकाची एक विलक्षण सवय घडली. चाके डेकला टेकताच तो इंजिन पूर्ण जोरात करतो. शेपटीच्या हुकात तार अडकली तर विमान थांबते, नाही अडकली तर तसेच पुढे निघून पुन्हा फेरी घेते. थांबण्यासाठी वेग वाढवायचा, हे धाडस मला या साऱ्या कथेचा गाभा वाटते.

ही तिन्ही साधने घेऊन आपली पहिली विक्रांत ही विमानवाहू नौका ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टमध्ये नौदलात दाखल झाली. मूळची ती ब्रिटिशांची अर्धवट राहिलेली हर्क्युलस. डेक जेमतेम दोनशे मीटरांचा. १८ मे १९६१ रोजी त्यावर पहिले जेट उतरवले ते लेफ्टनंट राधाकृष्ण ताहिलियानी यांनी. पुढे ते नौदलप्रमुख झाले. विमान होते सी हॉक. १९७१ च्या युद्धात विक्रांतच्या एका बॉयलरला तडे गेले होते, वेग कमी ठेवावा लागत होता. तरी ४ डिसेंबरपासून तिच्या सी हॉकनी कॉक्स बाजार आणि चितगावच्या बंदर-धावपट्ट्यांवर हल्ले चढवले. पूर्व पाकिस्तानची समुद्राकडची वाट बंद होण्यात या जुन्या विमानांचा वाटा मोठा आहे.

१९८३ च्या डिसेंबरात सी हॅरियर दाबोळीला आले. इंजिनाचे झोत खाली वळवून ते जागच्या जागी उतरू शके, त्यामुळे तारेची गरज उरली नाही. ११ मे २०१६ ला ते निवृत्त झाले. मिग-२९के विमानांनी मात्र तार पुन्हा आणली. उड्डाण आता पुढे उंचावलेल्या डेकवरून, कॅटपल्टशिवाय.

खरी कमाई मात्र मला यापुढची वाटते. दाबोळीच्या तळावर जमिनीवरच डेकची प्रतिकृती उभारली गेली आणि १३ सप्टेंबर २०१९ रोजी तेजसच्या नौदल आवृत्तीने तिथे तार पकडली. ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी तेच विमान विक्रमादित्य या नौकेवर उतरवले. भारतीय बनावटीचे लढाऊ जेट विमानवाहू नौकेवर प्रथमच टेकले. हे विमान सेवेत आले नाही, कारण पुरेसा शस्त्रभार घेऊन डेकवरून उडण्याची ताकद त्याच्या इंजिनात नव्हती. म्हणून ते वाया गेले असे म्हणणे मला पटत नाही. हुक, चाकांचा गिअर आणि उतरण्याचे संगणकीय नियंत्रण आपल्या अभियंत्यांनी स्वतः शिकून घेतले. हे ज्ञान नवी जोड-इंजिन विमाने रचताना हाती राहील. तोवर गरज भागवण्यासाठी एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सशी २६ राफेल-मरीन विमानांचा करार झाला.

आपल्या शाळांच्या सहली गोव्याला जातात, चर्च आणि किनारे पाहून परततात. शिक्षकांना विनंती आहे, की एक दुपार वास्कोजवळच्या बोगमाळो रस्त्यावरील नौदल विमान संग्रहालयासाठी राखून ठेवा. सी हॉक आणि सी हॅरियर तिथे उभे आहेत. मुलांना ते जवळून पाहू द्या, आणि नौदलात भरती कशी होते हेही त्याच दिवशी सांगा.