वेबसाइट आणि डेटाबेसची जोडणी : शेवटचा हप्ता देण्याआधी एवढं तपासा

येवल्याची पैठणी विका की पिंपळगावचे बेदाणे, ऑनलाइन ऑर्डर घ्यायच्या म्हटल्या की डेटाबेस आलाच. डेटाबेस म्हणजे तुमची ग्राहकांची वही, आणि वेबसाइट म्हणजे फक्त काउंटर. काउंटरवरून वहीपर्यंत पोचायला पाच गोष्टी लागतात : होस्ट, पोर्ट, डेटाबेसचं नाव, युजर आणि पासवर्ड. कोडिंग तुम्हाला येत नसलं तरी चालेल, पण या पाच गोष्टी तुमच्या ताब्यात हव्यात. ग्राहकांचे मोबाइल नंबर बाहेर गेले तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात जबाबदारी व्यवसायाचीच धरली आहे, ‘डेव्हलपरने केलं’ म्हणून सुटका नाही.

पासवर्ड कोडमध्येच लिहिलेला नको. कोड गिटहबवर उघड गेला की चावीही गेली! तो वेगळ्या ‘डॉट ईएनव्ही’ फाइलमध्ये ठेवतात आणि ती फाइल गिटहबवर चढवत नाहीत. युजरही ‘रूट’ नको. ऑर्डर लिहायला अख्ख्या गोदामाची चावी कशाला? मोजके अधिकार असलेला वेगळा युजर करून घ्या.

वेबसाइट आणि डेटाबेस एकाच सर्व्हरवर असतील तर होस्टच्या जागी ‘लोकलहोस्ट’ येतं. डेटाबेस दुसरीकडे असेल, मग तो आपल्या सातपूरच्या ईएसडीएसकडे असो नाहीतर मुंबईच्या क्लाउडवर, तर तिथला पत्ता. अशा वेळी मायएसक्यूएलचं ३३०६ पोर्ट सगळ्या जगाला उघडं ठेवायचं नाही, फक्त आपल्या वेबसाइटच्या सर्व्हरला.

आता खास मराठी दुखणं. मायएसक्यूएलच्या ८.० आधीच्या आवृत्त्यांत मुळात ‘लॅटिन१’ ही लिपीची सेटिंग असायची. तिच्यात मराठी नाव भरलं की एक तर एरर येते, नाहीतर नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं बसतात. ती प्रश्नचिन्हं पुन्हा अक्षरं होत नाहीत, पार्सलवर काय लिहिणार? टेबल आणि जोडणी, दोन्हीकडे ‘यूटीएफ८एमबी४’ हवं. नुसत्या जुन्या ‘यूटीएफ८’वर मराठी चालतं, पण इमोजी अडकतो, आणि आपले ग्राहक पत्त्यापुढेही हात जोडतात!

मायएसक्यूएल मुळात एका वेळी १५१ जोडण्या घेतं, स्वस्त होस्टिंगवर त्याहून कमी. दिवाळीच्या सेलआधी हा आकडा विचारून ठेवा.

आणि हो, काम ताब्यात घेताना डेव्हलपरसमोरच डेटाबेसचा पासवर्ड बदला आणि फक्त त्या एका फाइलमध्ये नवा टाकायला सांगा. गरज पडली तर ॲप रीस्टार्ट करू द्या. एवढं करून वेबसाइट पुन्हा चालू झाली नाही, तर जुना पासवर्ड कोडमध्ये कुठेतरी लपलेला असू शकतो. तो शोधून काढेपर्यंत हप्ता थांबवा.