भोपाळच्या भिंतींवर उतरलेले बालपण

खेड्यातील बालपणाच्या आठवणी हा इंग्रजी साहित्यात चांगलाच रुजलेला लेखनप्रकार असून, ऑक्सफर्डशायरमधील एका लहानशा वस्तीचे जीवन सांगणारे फ्लोरा थॉम्प्सन यांचे ‘लार्क राइज’ (1939) आणि ग्लॉस्टरशायरमधील स्लाड या खेड्याच्या आठवणींतून साकारलेले लॉरी ली यांचे ‘सायडर विथ रोझी’ (1959) ही त्याची मान्यवर उदाहरणे होत. मराठीतही साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’पासून (1935) आनंद यादव यांच्या ‘झोंबी’पर्यंत (1987) ही परंपरा समृद्ध आहे. परंतु हे सर्व लेखक, कितीही कष्टाने का होईना, लिहायला शिकलेले होते. ज्यांच्या वाट्याला पाटी-पेन्सिलच आली नाही, त्यांच्या बालपणाची नोंद कोठे झाली, हा प्रश्न या पुस्तकांच्या यादीतून सुटत नाही. त्याचे एक उत्तर भोपाळमध्ये, श्यामला हिल्स या टेकडीवर 2013 साली सुरू झालेल्या मध्य प्रदेश जनजातीय संग्रहालयात, एका लांबलचक भिंतीवर रंगवलेले आहे.

ही भिंत भूरीबाई या भिल्ल चित्रकर्तीने रंगवली असून तिच्यावर त्यांनी स्वतःचे आयुष्य चितारले आहे. त्यांचा जन्म झाबुआ जिल्ह्यात, गुजरातच्या सीमेलगत असलेल्या पिटोल या गावचा. रानातून सरपण गोळा करायचे, त्याच्या मोळ्या बांधायच्या आणि रेल्वेने दाहोदच्या बाजारात नेऊन विकायच्या, हे त्यांच्या लहानपणीचे काम होते. घर जळाल्यावर गवताच्या खोपटात राहण्याची पाळीही त्यांच्या कुटुंबावर आली. गेरू, खडूसारखी पांढरी माती, तव्याची काजळी आणि पाल्याचा रस यांपासून रंग करून मातीच्या भिंती सजवणे हा त्याच जगण्याचा भाग होता आणि त्यांचे चित्रकलेचे शिक्षण ते एवढेच.

येथे पिठोऱ्याचा उल्लेख आवश्यक आहे. नवस फेडताना घराच्या आतील भिंतीवर देवाच्या नावाने घोड्यांची मिरवणूक रंगवून घेण्याचा जो विधी भिल्ल, भिलाला आणि राठवा समाजांत चालत आला आहे, त्याला पिठोरा म्हणतात. हे घोडे रंगवण्याचा मान परंपरेने पुरुषांचा असून स्त्रियांना त्याची मनाई आहे. भूरीबाईंनी ही मर्यादा पाळली आणि तिच्याबाहेर जे उरले, म्हणजे झाडे, मोर, हरणे, कोंबड्या, घरे, बाजार, सरपणाच्या मोळ्या, तेच आपल्या चित्रांचे विषय केले. जे विधीच्या भिंतीवर कधीच आले नसते ते रोजचे जगणे त्यामुळे कागदावर आले, आणि बालपणाची नोंद म्हणून या चित्रांचे मोल मुख्यतः यातच आहे. आकार रंगाने भरून घ्यायचा आणि त्यावर ओळीने ठिपके द्यायचे ही भिल्ल चित्रांची ओळख. हे ठिपके मक्याच्या दाण्यांची आठवण देतात असे अनेकदा सांगितले जाते, आणि मका हेच ज्या प्रदेशाचे मुख्य अन्न आहे तेथे ते पटण्याजोगे आहे.

लग्नानंतर भूरीबाई भोपाळला आल्या त्या मजूर म्हणून. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्यानुसार तेव्हा भारत भवन हे कलाकेंद्र उभे राहत होते आणि 6 रुपये रोजाने त्या तेथे काम करीत होत्या. केंद्राच्या दृश्यकला विभागाची जबाबदारी असलेले चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी बांधकामावरील मजूर स्त्रियांना, त्या आपल्या घरच्या भिंतींवर जे काढतात ते कागदावर काढून दाखवण्यास सांगितले. न वाटता, न कुटता तयार मिळणाऱ्या रंगांचे भूरीबाईंना नवल वाटले. 13 फेब्रुवारी 1982 रोजी भारत भवनाचे उद्घाटन झाले. 2021 मध्ये भूरीबाईंना पद्मश्री मिळाली.

भारत भवनाच्या उभारणीच्याच सुमारास स्वामीनाथन यांच्या सहकाऱ्यांना पाटनगढ या गावी, आजच्या डिंडोरी जिल्ह्यात, जनगढ सिंह श्याम हा तरुण चित्रकार भेटला. पाटनगढ हे परधानांचे गाव. परधान म्हणजे गोंडांच्या कुळकथा बाना या तंतुवाद्यावर गाऊन जतन करणारा समाज. त्याच्यावरील ‘द परधान्स ऑफ द अप्पर नर्बदा व्हॅली’ हा 1946 चा ग्रंथ शामराव हिवाळे या मराठी अभ्यासकाने लिहिला आहे. पुण्यातील ख्रिस्त सेवा संघातून हिवाळे हे व्हेरियर एल्विन या इंग्रज सहकाऱ्याबरोबर 1932 मध्ये मंडला भागात गेले आणि दोघांनी पुढे पाटनगढमध्येही मुक्काम केला. एल्विन यांचे नाव सर्वत्र घेतले जाते, हिवाळे यांचे मात्र महाराष्ट्रातही क्वचितच, ही खेदाची बाब आहे.

जनगढ यांच्या पाठोपाठ भोपाळला आलेल्या नातलगांमध्ये भज्जू श्याम हे एक. रखवालदारी आणि विजेची कामे करून झाल्यावर ते जनगढ यांच्या हाताखाली चित्रकला शिकले, आणि पुढे एका भारतीय उपाहारगृहाच्या भिंती रंगवण्यासाठी ते लंडनला गेले. त्या प्रवासावरील ‘द लंडन जंगल बुक’ (2004) या पुस्तकात त्यांनी लंडन रंगवले ते पाटनगढच्या नजरेने: गावात वेळ सांगतो तो कोंबडा, म्हणून बिग बेनचे घड्याळ कोंबड्याच्या अंगात मिसळले, जमिनीखालून धावणारी रेल्वे गांडूळ झाली, अवजड विमान पंख फुटलेला हत्ती झाले. इंग्रज लेखक आपले हरवलेले खेडे शब्दांत शोधत होते, तर भज्जू श्याम यांनी बालपणीचे खेडे इंग्लंडला मोजण्याचे माप म्हणून वापरले, आणि हे अधिक धीटपणाचे आहे.

याच संग्रहालयात आदिवासी मुलांच्या खेळांचे स्वतंत्र दालन आहे. पावसाळ्यातील चिखलातून चालण्यासाठी बांबूच्या दोन काठ्यांना पावठे बांधून केलेली गेडी गोंड मुलांचे वाहन असते आणि खेळणेही. विटीदांडू, लगोरी खेळलेल्या मराठी माणसाला हे दालन परके वाटणार नाही.

या चित्रांत गतकाळाचा गोडवा शोधणे मात्र चुकीचे ठरेल. मोळी विकणे हे मुलीचे काम होते, खेळ नव्हता, आणि भूरीबाईंची भिंत ते लपवत नाही. महाराष्ट्रात डहाणू परिसरातील वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या बाबतीतही हेच दिसते: लहानपणी आई गेल्यावर त्यांचे बोलणे थांबले आणि धुळीत रेघा ओढणे हीच त्यांची भाषा झाली, भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या जाणकाराची दृष्टी त्यांच्या चित्रांवर पडली म्हणून ती जगासमोर आली. नंदुरबारचे भिल्ल आणि गडचिरोलीचे गोंड यांच्या वृद्ध पिढीचे बालपण अजूनही बव्हंशी अलिखित, अचित्रित आहे. मराठी संस्थांनी आत्मचरित्रांच्या आवृत्त्या काढण्याबरोबर त्यांच्या हाती कागद, रंग आणि दिवसाची मजुरी द्यावी, आणि हे काम ती पिढी हयात असतानाच सुरू करावे.