बेसमेंटमधले दोन हजार डॉलर!

अमेरिकेतल्या घरात २०२३ ते २०२५ या काळात नवा हीट पंप, एसी किंवा फर्नेस बसवला होता? मग टॅक्सचे जुने कागद माळ्यावर टाकण्याआधी हे वाचाच...

तुमच्या फ्लोअरवर एकदा नजर फिरवा. पॅन्ट्रीपाशी कॉफीचा मग घेऊन उभा असलेला आणि प्रत्येक वाक्य 'तिकडे ना...'ने सुरू करणारा एक तरी नग सापडेलच. पाच-सहा वर्षं एडिसनला नाहीतर डॅलसला काढून तो नुकताच पुण्यात परतलाय. तो नसेल तर तुमची ताई आणि भाऊजी अजून तिकडेच आहेत. आणि तेही नसतील, तर तुमचाच पासपोर्ट स्टँपिंगला गेलाय! तिघांपैकी कुणीही असा, मॅटर तुमच्या कामाचं आहे. विषय तसा बोअर, टॅक्सचा. पण रक्कम अजिबात बोअर नाही. दोन हजार डॉलर. कधी कधी त्याहून जास्त.

हे पैसे दडलेत कुठे? तिकडच्या घराच्या बेसमेंटमध्ये. आपल्याकडे घर गरम करायची वेळच येत नाही. डिसेंबरमध्ये एखादी रजई जास्त आणि आंघोळीला गीझर, संपलं. न्यू जर्सीत मात्र जानेवारीत पारा शून्याखाली गेला की घरातलं सगळ्यात महत्त्वाचं यंत्र म्हणजे फर्नेस, गॅस जाळून सगळ्या खोल्यांत गरम हवा सोडणारी भली मोठी पेटी. उन्हाळ्यात त्याच डक्टमधून सेंट्रल एसीची गार हवा. ही जोडगोळी पंधरा-वीस वर्षांनी दम तोडते आणि मग हजारो डॉलर्सचं बिल येतं. हल्ली दोघांच्या जागी एकच यंत्र बसवतात, हीट पंप. नाव भारदस्त असलं तरी तो आपला स्प्लिट एसीच, फक्त उलटाही चालणारा! उन्हाळ्यात घरातली उष्णता बाहेर फेकतो, हिवाळ्यात बाहेरच्या थंड हवेतली उष्णता ओढून आत आणतो. दिल्लीवाल्यांना 'हॉट अँड कोल्ड' एसी माहीत असतो, तोच हा.

तर असं वीज वाचवणारं यंत्र घरी बसवलं की अमेरिकन सरकार खर्चाचा काही भाग टॅक्समधून सोडून देत होतं. 'होतं' हा शब्द महत्त्वाचा आहे. त्यावर येऊच.

वजावट वेगळी, क्रेडिट वेगळं

आपल्या पिढीला टॅक्स वाचवणं म्हणजे ८० सी. मार्च आला की पीपीएफ, ईएलएसएस, एलआयसीच्या पावत्या शोधायच्या आणि एचआरच्या मागे लागायचं. पण ती वजावट असते. दीड लाख उत्पन्नातून वजा होतात आणि तीस टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाचे प्रत्यक्षात पंचेचाळीस हजार आणि वरचा सेस एवढेच वाचतात. क्रेडिटचं तसं नाही. क्रेडिट थेट टॅक्समधून वजा होतं. टॅक्स आठ हजार डॉलर आणि क्रेडिट दोन हजार, तर भरायचे सहा हजार. स्लॅब कुठलाही असो, दोन हजार म्हणजे दोन हजार!

अमेरिकेच्या टॅक्स कायद्यातलं कलम २५सी ते हेच. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बायडेन यांनी सही केलेल्या इन्फ्लेशन रिडक्शन अॅक्टने त्याला जानेवारी २०२३ पासून चांगलंच बाळसं आणलं. खर्चाच्या ३० टक्के क्रेडिट, तेही दरवर्षी नव्याने. पहिल्याच वर्षी, म्हणजे २०२३ च्या रिटर्नमध्ये, सुमारे २३ लाख कुटुंबांनी ते घेतलं. सरासरी रक्कम ८८० डॉलर.

यात नागरिकत्वाची अट नाही, ग्रीन कार्डची तर नाहीच. एच-वन-बीवर राहून इतरांसारखं रिटर्न भरणारा आपला मराठी इंजिनिअरही तितकाच हक्कदार. तरी 'हे आपल्यासाठी नसेल' असं समजून टॅक्स सॉफ्टवेअरचा तो प्रश्न 'नो' करून पुढे जाणं सोपं असतं. घाईत कोण वाचतंय? आपण ऑफिसातलं सेल्फ-अप्रेझलही तसंच भरतो ना!

तीस टक्के, पण...

काँट्रॅक्टरच्या पत्रकावर मोठ्या अक्षरात '३० टक्के परत' असतं. पुढची मर्यादा मात्र बारीक अक्षरात. हीट पंपाला वर्षाला जास्तीत जास्त २,००० डॉलर. पंधरा हजारांचा हीट पंप बसवून साडेचार हजार परत येतील असं धरून चालाल, तर गणित अडीच हजारांनी चुकलंच म्हणून समजा. साधा सेंट्रल एसी किंवा गॅस फर्नेस घेतला तर प्रत्येकी ६०० डॉलरची मर्यादा. खिडक्या, दारं, इन्सुलेशन, घराची एनर्जी तपासणी आणि हे एसी-फर्नेस, सगळं मिळून १,२०० च्या वर नाही. म्हणजे हीट पंपाचे दोन हजार आणि बाकीचे बाराशे धरून वर्षाला ३,२०० ही कमाल.

एक उदाहरण घेऊ. समजा एका जोडप्याने २०२५ मध्ये नऊ हजार डॉलरचा हीट पंप बसवला, मजुरीसकट. तीस टक्के होतात २,७००, पण हातात येणार २,०००. जोडीला अॅटिकमध्ये एक हजाराचं इन्सुलेशनचं सामान टाकलं, त्याचे ३००. तपासणीला चारशे डॉलर दिले, त्याचे १२०. एकूण २,४२०. यात गोम अशी की हीट पंप किंवा एसीची मजुरी खर्चात धरता येते, पण इन्सुलेशन, खिडक्या आणि दारं यांची मजुरी धरता येत नाही, फक्त सामानाची किंमत. वीज कंपनीने खरेदीवर काही सूट दिली असेल तर ती आधी वजा करायची आणि मग तीस टक्के काढायचे.

आता स्टिकरची गोष्ट. आपण एसी घेताना पाच स्टार बघतो आणि खूश होतो. तिकडे निळा एनर्जी स्टार असतो, पण नुसत्या त्या स्टारवर क्रेडिट मिळत नव्हतं. गॅस फर्नेसचंच बघा. ९५ टक्के कार्यक्षमतेचा फर्नेस थंड राज्यांत एनर्जी स्टार मिरवू शकतो, क्रेडिटला मात्र ९७ टक्के लागायचे. त्यामुळे क्लेम करण्याआधी मॉडेल नंबर तपासायचा आणि कंपनीचं सर्टिफिकेट डाउनलोड करून ठेवायचं. 'काँट्रॅक्टर म्हणाला होता' हा टॅक्स ऑफिसपुढे पुरावा होत नाही!

घर कुठलं, हेही बघितलं जातं. बिल्डरकडून कोरंकरकरीत टाउनहाउस घेतलं आणि त्यात आधीच हीट पंप होता, तर काही नाही. हे क्रेडिट राहत्या, जुन्या घरात केलेल्या सुधारणेसाठी होतं. घर भाड्याने देऊन स्वतः दुसरीकडे राहणाऱ्या मालकालाही नाही. उलट भाडेकरूने स्वतःच्या पैशाने हीट पंप बसवला असेल तर त्याला मिळतं. हे वाचून मला मजा वाटली. पुण्यात भाडेकरूने साधा पंखा बदलला तरी डिपॉझिटवरून वाद होतात.

सगळ्यात जास्त गोंधळ 'नॉन-रिफंडेबल' या शब्दाचा. त्याचा अर्थ रिफंड मिळणारच नाही असा नाही. वर्षाचा एकूण टॅक्स क्रेडिटपेक्षा कमी असेल तर उरलेला भाग बुडतो, पुढच्या वर्षी नेता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. टॅक्स १,८०० आणि क्रेडिट २,४२०, तर ६२० गेले. पण नोकरदाराचा टॅक्स पगारातून आधीच कापलेला असतो. एकूण टॅक्स क्रेडिटने खाली आला की जास्तीचा कापलेला पैसा रिफंड म्हणून परत येतोच. दोघं नोकरी करणाऱ्या घरात टॅक्स कमी पडायची वेळ सहसा येत नाही.

३१ डिसेंबरची डेडलाइन

आता त्या 'होतं'कडे. २०२२ चा वायदा होता २०३२ पर्यंतचा. पण ४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी सही केलेल्या 'वन बिग ब्युटिफुल बिल'ने तो सात वर्षं आधीच आटोपला. ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या यंत्राला २५सीचं क्रेडिट नाही. जमिनीच्या पोटातल्या उष्णतेवर चालणारे जिओथर्मल पंप आणि छतावरचं सोलर यांचं वेगळं कलम होतं, २५डी. त्यात तर वरची मर्यादाच नव्हती, तीस हजारांवर नऊ हजार मिळायचे. तेही त्याच तारखेला थांबलं.

अमेरिकनांना हे काही नवीन नाही. १९७८ मध्ये कार्टर यांच्या काळात अशी पहिली सवलत आली आणि १९८५ अखेर संपली. २००५ च्या कायद्याने २५सी आणलं. ते २००७ अखेर संपलं, २००८ ला नव्हतं आणि २००९ ला १,५०० डॉलर घेऊन परत आलं. आपल्या टॅक्स रिजीमसारखंच, आज आहे, उद्याचं माहीत नाही.

खरा घोळ झाला तो तारखेच्या अर्थाचा. कायदा बघतो ते यंत्र बसून चालू कधी झालं, पैसे कधी दिले ते नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये करार केला, अॅडव्हान्सही दिला, पण काँट्रॅक्टरची माणसं जानेवारी २०२६ मध्ये उगवली, तर क्रेडिट शून्य. मला विचाराल तर हा भाग जरा निर्दयच आहे. वर्षअखेरीच्या गर्दीत काँट्रॅक्टरची तारीख मिळणं ग्राहकाच्या हातात थोडंच असतं? पण याच नियमाची दुसरी बाजू फायद्याची. २०२५ च्या डिसेंबरात यंत्र चालू झालं आणि बिलाचा शेवटचा हप्ता २०२६ मध्ये दिला, तरी क्रेडिट २०२५ चंच आणि पूर्ण.

झोपलेले पैसे उठवायचे कसे?

फॉर्मचा नंबर ५६९५. त्यात हिशेब मांडायचा, आलेला आकडा शेड्युल ३ मध्ये आणि तिथून मुख्य फॉर्म १०४० मध्ये. २०२५ साली बसवलेल्या हीट पंप, एसी, फर्नेससारख्या वस्तूंसाठी एक जास्तीची अट आली, उत्पादक कंपनीचा चार कॅरॅक्टरचा कोड भरावा लागतो. तो सर्टिफिकेटवर नाहीतर कंपनीच्या वेबसाइटवर सापडतो. पावत्या रिटर्नला जोडायच्या नसतात, पण जपून मात्र ठेवायच्या. २०२५ च्या रिटर्नची मुदत १५ एप्रिल २०२६, मुदतवाढ घेतलेल्यांना १५ ऑक्टोबर २०२६.

आणि ज्यांनी त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये क्लेमच केला नाही? त्यांच्यासाठीच हा सगळा खटाटोप! फॉर्म १०४०-एक्स भरून जुनं रिटर्न दुरुस्त करता येतं. साधारण नियम असा, की मूळ रिटर्न भरल्यापासून तीन वर्षं. मुदतीआधी भरलेलं रिटर्न मुदतीच्या दिवशीच भरलं असं धरतात. म्हणजे २०२३ च्या यंत्रासाठी दार एप्रिल २०२७ ला बंद होतं, २०२४ च्या यंत्रासाठी एप्रिल २०२८ ला. मर्यादा दरवर्षी वेगळी असल्यामुळे २०२३ मध्ये हीट पंप आणि २०२४ मध्ये हीट पंपावर चालणारा वॉटर हीटर घेतला असेल, तर दोन्ही वर्षांचे वेगवेगळे दोन हजारांपर्यंत मिळतात. दोन्ही एकाच वर्षी घेतले असते तर एकाच दोन हजारात भागवावं लागलं असतं.

यासाठी अमेरिकेत राहायला हवं असंही नाही. घर विकून, गराज सेल करून, मुलांना बावधनच्या शाळेत घालून झालं असेल तरी २०२३ चा हक्क जात नाही, कारण त्या वर्षी घर तुमचं होतं आणि राहतही तुम्हीच होतात. १०४०-एक्स ऑनलाइन भरता येतो. तिकडचं बँक खातं मात्र चालू ठेवा. सप्टेंबर २०२५ अखेरपासून तिथलं सरकार कागदी चेक बंद करत आलंय, त्यामुळे रिफंड खात्यातच घेतलेला बरा. आणि काँट्रॅक्टरचं बिल सापडत नसेल तर आजच त्याला मेल टाका. त्यावर मॉडेल नंबर आणि काम पूर्ण झाल्याची तारीख, दोन्ही हवंय.

२०२६ पासून नवीन यंत्र घेणाऱ्यांनी आपल्या राज्याच्या आणि वीज कंपनीच्या रिबेटकडे बघायचं. हे फेडरल क्रेडिटपेक्षा वेगळे असतात आणि गावागणिक बदलतात. भाऊजींना सांगा, खरेदीच्या आधी अर्ज लागतो का ते पहिलं विचारा.

आपल्याकडे एसीवर असं इन्कम टॅक्स क्रेडिट नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला खरा, पण तो तीन स्टारवाल्याला आणि पाच स्टारवाल्याला सारखाच.