डब्ल्यूसीडब्ल्यू का बुडाली? ठरलेल्या कुस्तीतून कारण-परिणामाचा धडा



अंधेरी-बोरिवली असो की मुलुंड-घाटकोपर, सोसायटीच्या आवारात आणि मधल्या सुट्टीत मुलं एकमेकांवर डब्ल्यूडब्ल्यूईचे डाव टाकताना दिसतातच. नव्वदच्या दशकात आपल्यापैकी अनेकांनी याच पैलवानांची उंची, वजन, बायसेप्स छापलेली ट्रम्प कार्डं जमवली होती. आता मुलं विचारतात, "हे सगळं खोटं असतं ना?" आणि आपण "हो, नाटक आहे, टीव्ही बंद कर" म्हणून विषय मिटवतो. पण मग प्रश्न पडतो : सगळं खोटंच असेल, तर त्यातली एक बलाढ्य कंपनी बुडाली कशी? तिच्या कारणांमध्ये चुकीच्या कथा मोठ्या संख्येने का येतात?

बुकिंग म्हणजे काय?

गावच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरतं तेव्हा जोड आधी ठरते. नारळाच्या कुस्त्या सुरुवातीला, मोठ्या इनामाची कुस्ती शेवटी. निकाल मात्र मातीतच लागतो. निकालही आधी ठरला असेल तर आपण तिला नुरा कुस्ती म्हणून नावं ठेवतो. अमेरिकन व्यावसायिक रेसलिंगमध्ये मात्र जोड आणि निकाल दोन्ही ठरलेले असतात आणि प्रेक्षकांना ते ठाऊक असतं. कोण कोणाशी लढेल, कोण जिंकेल, भांडण किती महिने चालेल हे ठरवण्याच्या कामाला बुकिंग म्हणतात. थोडक्यात, मालिकेच्या लेखकाचं काम. (पडणं, आपटणं मात्र खरं असतं. त्यात हाडं मोडतात. हे मुलांना जरूर सांगा.)

चढता काळ

1988 मध्ये टेड टर्नर यांच्या कंपनीने विकत घेतलेली डब्ल्यूसीडब्ल्यू ही अटलांटाची संस्था. सप्टेंबर 1995 मध्ये तिने 'मंडे नायट्रो' हा कार्यक्रम डब्ल्यूडब्ल्यूएफच्या (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) 'रॉ'समोर त्याच वेळेला लावला. जुलै 1996 मध्ये सगळ्यांचा लाडका नायक हल्क होगन अचानक खलनायक झाला आणि त्याची 'एनडब्ल्यूओ' ही टोळी उभी राहिली. कथा इतकी रंगली की नायट्रोने सलग 83 आठवडे रॉला मागे टाकलं.

कुठे घसरलं?

1) वर्षभर वाट पाहून मिळालेला गोंधळ. या टोळीविरुद्ध स्टिंग नावाचा पैलवान उभा केला. वर्षभराहून अधिक काळ तो जवळजवळ बोललाच नाही, नुसता छतावरून पाहत राहिला. 28 डिसेंबर 1997 ला स्टारकेड या कार्यक्रमात त्याची होगनशी लढत झाली. कथेप्रमाणे पंचाने लबाडीने भरभर मोजायचं होतं. त्याने मोजलं नेहमीसारखंच. त्यामुळे होगन सरळ जिंकल्यासारखा दिसला. मग कुस्ती पुन्हा सुरू करून स्टिंगला जिंकवलं. थोड्याच दिवसांत तो किताबही रिकामा जाहीर केला.

2) मोठी कुस्ती फुकटात. गोल्डबर्ग हा नवा, न हरणारा पैलवान. 6 जुलै 1998 ला त्याने होगनला हरवलं. जॉर्जिया डोममध्ये चाळीस हजारांच्या आसपास प्रेक्षक होते, जल्लोष झाला. पण ही लढत जेमतेम काही दिवस आधी जाहीर केली आणि रोजच्या टीव्हीवर दाखवली. लोकांनी महिनोन्‌महिने वाट पाहून पैसे मोजले असते अशी कुस्ती, एका सोमवारचा आकडा जिंकायला खर्च झाली.

3) विजयमालिका मोडली, हाती काही नाही. कंपनीच्या मोजणीप्रमाणे 173 विजयांनंतर डिसेंबर 1998 मध्ये केविन नॅशने गोल्डबर्गला हरवलं, तेही बाहेरून आलेल्याने विजेचा झटका दिल्यावर. हरवायला हरकत नव्हती. पण त्या पराभवातून नवा तारा घडायला हवा होता. नॅश आधीच मोठा होता.

4) एका बोटाचा धक्का. 4 जानेवारी 1999 ला नॅश-गोल्डबर्ग लढतीची जाहिरात केली. प्रत्यक्षात गोल्डबर्गला कथेत अटक दाखवली आणि समोर आला होगन. त्याने नॅशच्या छातीला बोट लावलं, नॅश आडवा पडला, होगन विजेता! त्याच रात्री नायट्रोच्या निवेदकाने थट्टेने सांगितलं की रॉवर मिक फोली किताब जिंकणार आहे. प्रेक्षकांनी तो ऐकून चॅनल बदललं.

पुढे 2000 मध्ये डेव्हिड आर्क्वेट या सिनेनटालाच जगज्जेता केलं आणि त्या वर्षी किताब इतक्या वेळा फिरला की त्याची किंमतच उरली नाही. दुसरीकडे ख्रिस जेरिको, एडी गरेरो यांच्यासारखे तरुण, वर जायची वाट दिसेना म्हणून डब्ल्यूडब्ल्यूएफकडे गेले.

सगळा दोष बुकिंगचाच का?

नाही, आणि हे मुलांना शिकवणं सगळ्यात महत्त्वाचं. मोठ्या ताऱ्यांचे भरमसाट करार होते. होगनच्या करारात तर स्वतःच्या कथेवर हक्कही होता, म्हणजे लेखकाचे हात बांधलेले. स्टीव्ह ऑस्टिनमुळे डब्ल्यूडब्ल्यूएफ जोरात होती. शेवटी मालक कंपनी एओएलमध्ये विलीन झाली, नव्या अधिकाऱ्यांनी वाहिन्यांवरून रेसलिंग काढून टाकलं. मार्च 2001 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफनेच डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतली. शेवटचा नायट्रो 26 मार्चला झाला. पण विचार करा : प्रेक्षक टिकून असते तर हा कार्यक्रम बंद करणं इतकं सोपं गेलं असतं का?

वर्गात काय करता येईल?

सातवी-आठवीच्या मुलांना फळ्यावर तीन रकाने करून द्या : लगेचचं कारण, जुनं कारण, बाहेरचं कारण. वरच्या घटना त्यांनी त्यात बसवायच्या. वाद होऊ द्या. एकच घटना दोन रकान्यांत बसते असं कोणी म्हणालं तर शाबासकी द्या. मराठीच्या तासाला स्टिंगच्या कुस्तीचा नवा शेवट लिहायला सांगा. अट एकच : आधी जे कबूल केलंय ते शेवटात मिळालं पाहिजे.

आणि घरी मुलाने पुन्हा "हे खोटं असतं ना?" विचारलं तर सांगा, "निकाल ठरलेला असतो, हे बघणाऱ्यांना चालतं. जाहिरात एकीची आणि दाखवायची दुसरीच, हे मात्र चालत नाही." बक्षीस कबूल करून विसरणाऱ्या आपल्या मोठ्यांनाही मुलं हेच सांगत असतात.